पॅकेज टाकायच्या आधी जरा थांबा

जावास्क्रिप्टमध्ये छोटंसं काम आलं की लगेच एनपीएम इन्स्टॉल मारून दुसऱ्याने लिहिलेलं तयार पॅकेज ओढायची सवय असते ना, ती जरा आवरा. मार्च 2016 मध्ये लेफ्टपॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने वैतागून काढून टाकलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले जगभरातले बिल्ड धडाधड पडले. काम काय, तर स्ट्रिंगच्या डावीकडे स्पेस भरायच्या! आता तर त्यासाठी पॅडस्टार्ट हे फंक्शन जावास्क्रिप्टमध्येच आहे.

म्हणून आधी बघा भाषेतच सोय आहे का, नसेल आणि वीसेक ओळीत भागत असेल तर स्वतः लिहा, टेस्ट टाका, विषय संपला. (एन्क्रिप्शन न् पासवर्ड हॅशिंग मात्र घरी लिहायच्या भानगडीत पडू नका प्लीज.)

घ्यायचंच ठरलं तर नुसते गिटहबवरचे स्टार बघू नका, शेवटचा रिलीज कधीचा, इश्यूंना कोणी उत्तर देतंय का आणि ते सोबत अजून किती पॅकेजं ओढून आणतंय ते बघा, एनपीएम एलएस ला ऑल लावलं की सगळी वरात दिसते. मग लॉकफाइल (कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन घेतलं त्याची नोंद) गिटमध्ये कमिट करा, ती गिटइग्नोरमध्ये टाकणारे महाभाग अजून आहेत, आणि सर्व्हरवर बिल्ड करताना एनपीएम सीआय वापरा, ते लॉकफाइलमधलीच व्हर्जन्स घेतं, पॅकेज डॉट जेसनशी जुळलं नाही तर सरळ एरर देऊन थांबतं.

अपडेट आल्या आल्या घ्यायची पण घाई नको. 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलच्या 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जनमध्ये बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) निघाला, तोही एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एकाने खोदकाम केलं तेव्हा. सिक्युरिटी पॅच असेल तर मात्र लगेच घ्या, तिथे थांबण्यात काही शहाणपणा नाही.