नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्यावर करायची कामं

डिझाइन, फोटो, व्हिडिओ किंवा आवाजाच्या कामासाठी लॅपटॉप बदलायचा ठरला की पहिली संध्याकाळ मॉडेलं बघण्यात घालवू नका, जुन्याच लॅपटॉपवर घालवा. अलीकडची सगळ्यात जड फाइल उघडा, बाजूला मेमरी-प्रोसेसरचा वापर दाखवणारा टास्क मॅनेजर लावा (मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर) आणि अर्धा तास नेहमीसारखं काम करा. जिथे अडकेल तिथे थांबून बघा: मेमरी भरलीय, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेलाय, की ग्राफिक्समधला व्हिडिओ डीकोडचा (व्हिडिओ उलगडण्याचा) आलेख छताला टेकलाय? जे दिसेल ते कागदावर लिहा. पुढे कोणी 'सगळ्यात वरचा प्रोसेसर आहे, डोळे झाकून घ्या' म्हणालं की हा कागद उपयोगी पडतो. बऱ्याच वेळा अडचण प्रोसेसरची नसतेच.

त्याच कागदावर सॉफ्टवेअरची नावं लिहा आणि प्रत्येकाच्या अधिकृत पानावरची शिफारस टिपून घ्या. 'किमान' लिहिलेला रकाना सोडून द्या. किमानमध्ये सॉफ्टवेअर उघडतं, एवढंच. लॅपटॉपांत फायनल कट (व्हिडिओ संपादन) आणि लॉजिक (संगीत) फक्त मॅकवर चालतात, थ्रीडीएस मॅक्स (थ्रीडी) विंडोजशिवाय चालत नाही. तुमचं रेंडरिंग (अंतिम चित्र किंवा व्हिडिओ तयार करणं) क्यूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या तंत्रावर, अवलंबून असेल तर एनव्हिडियाचंच कार्ड लागेल. एवढ्यावर निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

मेमरीचा निर्णय खरेदीच्याच दिवशी पक्का करावा लागतो, कारण पातळ लॅपटॉपांत ती बहुधा बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. फोटो आणि चित्रांसाठी १६ जीबीवर भागतं. व्हिडिओ, थ्रीडी किंवा शंभर लेयरच्या फाइली असतील तर ३२ घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच मेमरीत वाटा मागतं, तेही धरा. स्टोरेजचं इतकं टेन्शन नको. आत दुसरा एसएसडी बसवायला जागा आहे का, तेवढं विचारा. हिशोब मात्र करा: १०० मेगाबिटने शूट केलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी होतो.

आता स्क्रीन. इथे घाई नको, कारण जाहिरातीत सगळ्यात कमी माहिती याचीच असते. 'फुल एचडी, आयपीएस, अँटीग्लेअर' एवढंच लिहिलं असेल तर रंगांचा आकडा शोधा. '४५ टक्के एनटीएससी' (रंग मोजायची एक जुनी पट्टी) दिसलं तर ते मॉडेल यादीतून काढा. ती स्क्रीन एसआरजीबीतले (वेबसाठी वापरला जाणारा रंगांचा प्रमाण संच) जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवते. असल्या स्क्रीनवर मी एकदा पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं होतं. केशरी रंग मरगळलेला वाटायचा म्हणून रोज थोडा थोडा चढवत गेलो, आणि दुसऱ्याच्या चांगल्या मॉनिटरवर उघडलं तर मुखपृष्ठ अक्षरशः अंगावर आलं. वेब आणि सर्वसाधारण डिझाइनला एसआरजीबी १०० टक्के हवंच. व्हिडिओचं कलर ग्रेडिंग (रंग जुळवणं) करत असाल तर डीसीआय-पी३ चा, म्हणजे सिनेमासाठीच्या मोठ्या रंगसंचाचा, आकडा ९५ टक्क्यांच्या पुढे बघा. डेल्टा ई (खरा रंग आणि दिसणारा रंग यांतला फरक) २ च्या खाली असेल तर रंगातला फरक डोळ्याला सहसा कळत नाही. ब्राइटनेस ३०० निट्स (उजेडाचं माप) चालेल, खिडकीजवळ बसणाऱ्यांनी ४०० च्या खाली जाऊ नये. आणि १६:१० ची (रुंदी-उंचीचं प्रमाण, म्हणजे थोडी उंच) स्क्रीन मिळाली तर सोडू नका. १०८० च्या जागी १२०० ओळी मिळतात आणि टाइमलाइनला (संपादनात क्लिप मांडतात ती पट्टी) खाली श्वास घ्यायला जागा होते.

ओलेड स्क्रीन बघितली की मोह होतोच, काळा रंग खरंच काळा दिसतो. पण आपल्या सॉफ्टवेअरच्या टूलपट्ट्या तासन्तास एकाच जागी उभ्या असतात, आणि ओलेडवर अशा स्थिर आकृत्यांचा डाग कायमचा बसू शकतो. कमी ब्राइटनेसवर काही ओलेड लुकलुकतातही. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं संध्याकाळी डोकं दुखतं. तपासायला सोपं आहे: ब्राइटनेस पार खाली आणा, पांढरं पान उघडा आणि फोनचा कॅमेरा शटरचा वेग वाढवून स्क्रीनवर धरा. काळे पट्टे जाड आणि ठळक दिसले तर पुन्हा विचार करा.

ग्राफिक्स कार्डाच्या नावावर जाऊ नका, वॅट (कार्डाला किती वीज मिळते ते) विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसंही बसवलेलं असतं आणि स्टिकर दोन्हीवर सारखाच. हा आकडा कंपनीच्या सविस्तर तपशिलात, अगदी तळाशी सापडतो; नाही सापडला तर कमीच धरून चाला. उष्णतेचंही तसंच. पहिली दोन मिनिटं सगळेच लॅपटॉप पळतात, तापले की मंदावतात. त्यामुळे परीक्षणात वीस-तीस मिनिटांच्या सलग रेंडरनंतरचा वेग दिलाय का ते शोधा.

व्हिडिओवाल्यांसाठी एक आडवाटेची गोष्ट. तुमचा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मध्ये १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) शूट करत असेल तर महागडं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळू शकते, कारण एनव्हिडियाची ४० सीरिज आणि त्याआधीची कार्डं हा प्रकार हार्डवेअरवर उलगडत नाहीत. ५० सीरिजपासून ते जमतं. ॲपलच्या एम चिप आणि इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचं अंगचं (प्रोसेसरमधलंच) ग्राफिक्स हे काम करतं. कॅमेऱ्याचं सेटिंग आधी बघून ठेवा.

पोर्ट मोजताना यूएसबी-सीच्या भोकांना भुलू नका, दिसायला सगळी सारखीच असतात. विजेच्या बाणाचं चिन्ह असेल तर थंडरबोल्ट (वेगवान जोडणी). साधं चिन्ह असेल तर त्यातून मॉनिटर चालतो का, चार्जिंग होतं का, हे एकेक करून विचारा. मेमरी कार्डाचा स्लॉट यूएचएस-२ (वेगवान प्रकार) आहे का तेही; यूएचएस-१ ची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे आणि लग्नाचं शूट उतरवताना तो फरक चांगलाच जाणवतो. आवाजाचं काम करणाऱ्यांनी पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कीबोर्ड, वेबकॅम वगैरे ठीकठाक असलं की पुरे.

बॅटरीत ९९ वॅट-तासांच्या पुढे सहसा कोणी जात नाही, कारण विमानात खास परवानगीशिवाय १०० पर्यंतच नेता येतात. दमदार कार्ड असलेला लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालत नाही, म्हणजे ॲडॅप्टर बरोबर आलाच. तो हातात घेऊन बघा, काही विटेएवढे असतात.

बघायला जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःच्या तीन फाइली न्या: चेहऱ्याचा एक फोटो ज्याचे रंग तुम्हाला पाठ आहेत, काळ्याकडून करड्याकडे जाणारी एक पट्टी, आणि तुमच्या कॅमेऱ्याची एक क्लिप. पट्टीत पायऱ्या दिसल्या किंवा अंधाऱ्या बाजूचं सगळं एकच काळं झालं तर समजायचं ते समजा.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत असेपर्यंत, पूर्ण लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी चित्रं लावून मेलेले पिक्सेल शोधा, तासभर खरं रेंडर चालवा, विंडोजवर आवाजाचं काम असेल तर लेटन्सीमॉन (आवाज मध्येच तुटण्याची कारणं शोधणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवा. खोका फाडू नका. जुना लॅपटॉप महिनाभर तसाच राहू द्या, आणि पुसण्याआधी त्यावरच्या प्लगइनचे परवाने, फाँट आणि ब्रशचे संच एकेक करून नव्यावर सुरू झालेत का ते बघा. माझं एक प्लगइन अजून त्या विकलेल्या लॅपटॉपच्या नावावर आहे.