कॅरोटिड स्टेंटिंग: फिल्टर काढताना या चुका टाळा

मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमनीत स्टेंट छान बसला की नवख्यांना वाटतं, झालं काम. मी पाहिलेले बरेचसे घोळ त्यानंतरचे, फिल्टर (सुटलेला गाळ मेंदूत जाऊ नये म्हणून स्टेंटच्या वर उघडलेली, वायरवरची बारीक जाळी) बाहेर काढतानाचे.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वयानेही सत्तरीतले एक आजोबा टेबलावर होते. धमनीला वळण, त्यात ओपन-सेल, म्हणजे मोकळ्या विणीचा स्टेंट. फिल्टर मिटवून बाहेर आणणारी नळी, म्हणजे रिट्रीव्हल कॅथेटर, स्टेंटच्या खालच्या काठाला अडली. माझा ज्युनियर ढकलतोय, पुन्हा ढकलतोय, जणू शेवटची कदंबा बस सुटत होती. स्क्रीनवर फिल्टर वर सरकलेला दिसला तेव्हा मी त्याचा हात धरला. अशा वेळी धमनी आकसते, तिचं अस्तर फाटू शकतं. उलट वायर ओढली तर फिल्टरच स्टेंटमध्ये अडकतो.

मी आधी वायरवरचा ताण सोडतो. मग रुग्णाशी बोलतो. तो जागा असतो हे लोक विसरतातच. "आजोबा, मान डावीकडे वळवा. आता आवंढा गिळा." एवढ्यानेही वायरची दिशा बदलते. त्या दिवशी नाही बदलली. मानेवर बाहेरून हलका दाब दिला, तरी नाही. शेवटी टोकाला वाकडा असलेला ५ फ्रेंच जाडीचा व्हर्टिब्रल कॅथेटर घेतला, हळूच फिरवला, आणि तो अलगद आत शिरला. तो कॅथेटर मी तेव्हापासून आधीच ट्रॉलीवर काढून ठेवतो.

दुसरी चूक: स्टेंट फुग्याने रुंदावल्यानंतर रक्तप्रवाह थांबला की घाबरून दुसरा स्टेंट मागणं. अरे, आधी फिल्टर बघा! तो गाळाने भरला असेल तर आधी ॲस्पिरेशन कॅथेटरने साचलेलं रक्त ओढून घ्या, मगच फिल्टर काढा, तोही अर्धाच मिटवून. भरलेला फिल्टर पूर्ण मिटवणं म्हणजे काजूचा पिकलेला बोंडू मुठीत दाबणं. रस बाहेर येणारच, आणि इथे तो मेंदूत जातो. फिल्टरपाशी धमनी नुसती आकसली असेल, तर रक्तदाब पाहून १०० ते २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन, आणि थांबणं. थांबायला कुणी तयार नसतं, ती गोष्ट वेगळी.

एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० सेकंदांच्या खाली असताना फिल्टर उघडू नका. फुगा फुगवण्याआधी नाडी वाढवणारं ॲट्रोपिन भरलेलं हवं, नाडी ३० पर्यंत घसरल्यावर शोधायचं नाही. २० टक्के अरुंदपणा उरला तर उरू द्या.

रात्री वॉर्डातून "डोकं दुखतंय" असा फोन आला, तर पॅरासिटामॉल सांगून झोपू नका. मेंदूला अचानक जास्त रक्त मिळू लागल्याची ती खूण असू शकते. उठून रक्तदाब बघा. मी वरचा आकडा १४० च्या आत ठेवतो.