वचन शोधण्याआधी वही उघडा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. आता रविवारी चर्चमधली उपासना संपली की मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुणांचा शास्त्राभ्यासाचा वर्ग घेते. तिथे आणि घरी येणारे प्रश्न बहुतेक एकाच सुरात असतात : "मावशी, असं केलं तर पाप आहे का? बायबलमधलं कुठलं वचन आहे तेवढं सांगा." वचन सांगता येतं. पण मनात आधीच ठरलेल्या गोष्टीला टेकू म्हणून वचन शोधायला बसलं, तर ते सापडतंच. मंदिराच्या शिखरावर सैतानानेही प्रभू येशूला स्तोत्रसंहितेतलंच वचन ऐकवलं होतं (मत्तय ४:६). म्हणून वर्गात मी जी रीत शिकवते ती इथे लिहिते आहे.

आधी कागद

प्रार्थना करून बसा आणि काय घडलंय ते लिहून काढा. कोण, किती, कधीपासून, कायदा काय म्हणतो. विशेषणं टाळा. "मालक लबाड आहे" असं लिहू नका. "दोन आठवड्यांचा पगार थकलाय, पण याच काळात सुताचे पैसे रोख दिले" असं लिहा. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा इथूनच लागू होते. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव आहे असंही लिहा.

मग त्याच कागदाखाली दोन ओळी. या निर्णयाची झळ कुणाला बसणार? आणि यात माझा फायदा काय? दुसऱ्या ओळीचं उत्तर लिहिताना पेन अडतं. ते अडू द्या, पण ओळ कोरी सोडू नका. लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसंच त्यांच्याशी वागा, ही प्रभूची शिकवण (मत्तय ७:१२) सगळ्यांना पाठ असते. ती लावायची म्हणजे झळ बसणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःचं नाव लिहून सगळा कागद पुन्हा वाचायचा.

एक प्रश्न, नीट उलगडून

थोडे माग चालवणारे मंडळीतले एक गृहस्थ नाताळाच्या तोंडावर घरी आले. व्यापाऱ्याकडे पैसे अडकले होते. हातातल्या रोकडीतून एकच गोष्ट होणार होती : कामगारांचा पगार, नाहीतर चर्चच्या रंगकामासाठी त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलेली देणगी. त्यांचं म्हणणं, "बाई, देवाला दिलेला शब्द कसा मोडू? नवस फेडायला उशीर लावू नको, असं बायबलातल्या उपदेशक या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय."

वचन खरंच आहे. पण कागद मांडला तेव्हा एका बाजूला भिंतीचा रंग होता आणि दुसऱ्या बाजूला कामगारांचं घरभाडं, किराणा दुकानातली उधारी, पोरांच्या शाळेची फी. रंग ईस्टरपर्यंत थांबला तर कुणी उपाशी राहणार नव्हतं. मग आम्ही लेवीय १९:१३ उघडलं : मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवायची नाही. अनुवाद या पुस्तकातलं २४:१५ आणखी पुढे जातं : सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर (५:४) कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते.

तरीही त्यांच्या मनातली गाठ सुटली ती मार्कच्या सातव्या अध्यायाने. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय असं सांगून मुलगा मोकळा होतो, आणि परूशी, म्हणजे त्या काळचे काटेकोर यहुदी धर्मपुढारी, त्याला तशी मुभा देतात. येशू त्यांना सांगतो, तुम्ही आपल्या संप्रदायाने, म्हणजे परंपरेने, देवाचं वचन रद्द करता. ज्याचं देणं आहे त्याला डावलून आणलेलं अर्पण देव मागत नाही. त्या शनिवारी पगार झाला. देणगी पुढे गेल्याचं त्यांनी स्वतः पाळकांना जाऊन सांगितलं, आणि हेही महत्त्वाचं. आपण मुकाट्याने शब्द मागे घेतला तर शब्दावर विसंबलेल्या माणसावर अन्याय होतो.

हिशेब उघडलाच होता म्हणून कपातीच्या रकान्याकडेही पाहिलं. डागी मालाचे पैसे विणणाऱ्याच्या पगारातून कापले जात होते. सूतच हलकं आलं असेल तर दोष त्याचा कसा? लेवीय १९:३५-३६ मध्ये खऱ्या तराजूची, खऱ्या मापांची आज्ञा आहे. ती वजनकाट्याला लागते तशी पगारपत्रकालाही लागते. टॉवेलच्या लेबलवर ५०० ग्रॅम आणि काट्यावर ४६०, तर ती फसवणूक आहे. बिड्या वळणाऱ्या बाईच्या मालातून छाट काढायची, तिचे पैसे द्यायचे नाहीत आणि छाटलेल्या बिड्याही परत करायच्या नाहीत, ही दुहेरी फसवणूक आहे. इथे "बाजाराची रीतच अशी आहे" हे उत्तर ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही.

बिडीवरून दुसरा प्रश्न येतो : तंबाखूचा धंदाच घातक, मग त्यात काम करावं का? माझं मत असं, की ज्याच्या हाती निवड जास्त त्याच्यावर जबाबदारी जास्त. घरी पानं-तंबाखू आणून हजार बिड्यांमागे ठरलेल्या दराने वळणाऱ्या बाईला पापी ठरवू नका. तिला शिवणकाम, दुसरा रोजगार मिळवून द्यायला मंडळीने हात लावावा. शिल्लक पैसा त्या धंद्यात गुंतवणाऱ्याने मात्र दुसरी वाट धरावी. ती त्याला आहे.

जे शास्त्राने मोकळं सोडलंय

सगळ्याच प्रश्नांना आज्ञेचं वजन देऊ नका. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले की शेजारची वहिनी सिद्धरामेश्वराचा प्रसाद घेऊन दारात येते. घ्यायचा का? आमच्या मंडळीतच यावर दोन मतं आहेत, आणि प्रेषित पौलाच्या वेळी करिंथ शहरातल्या मंडळीतही होती. १ करिंथ ८ आणि १०, रोमकरांस १४ हे अध्याय सलग वाचा, सुटी वचनं उचलू नका. मूर्ती काही नाही हे पौलाला ठाऊक आहे, पण दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागत असेल तर तो आपला हक्क सोडायला तयार आहे. ज्याचं मन घेत नाही त्याने घेऊ नये. प्रेमाने सांगावं, वहिनीला घरात बसवून चहा द्यावा. जो घेतो त्याला दुसऱ्याने नाव ठेवू नये. तिळगुळाला तर खुशाल हात पुढे करा.

मत्तय १८ कुठे चालत नाही

कुणी आपल्याशी चुकलं तर आधी एकांतात बोला, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. मत्तय १८:१५-१७ मधला हा क्रम पैशाच्या, शब्दाच्या, भाऊबंदकीच्या तंट्यात फार उपयोगी आहे. वकिलाआधी तो वापरा.

पण लहान लेकराशी कुणी वाईट वागलं असेल, बायकोला मारहाण होत असेल, तर हे वचन पुढे करून त्या लेकराला किंवा त्या बाईला अत्याचार करणाऱ्यासमोर बसवू नका. "घरातली गोष्ट आहे, मंडळीचं नाव जाईल, क्षमा कर" असं म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्याचा संताप येतो. लहानांना अडखळवणाऱ्याबद्दल प्रभूने गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची गोष्ट केली, आणि तीही त्याच अठराव्या अध्यायात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे. आधी लेकरू सुरक्षित करा. क्षमेचा विषय त्या लेकराचा किंवा त्या बाईचा, त्यांच्या वेळेने. तो त्यांच्यावर लादू नका.

दवाखान्यातला निर्णय

आयसीयूच्या बाहेर भावंडं उभी असतात. एक म्हणतो व्हेंटिलेटर काढणं म्हणजे खून, दुसऱ्याला बिलाची धास्ती. इथेही आधी डॉक्टरांना नेमकं विचारा : या उपचाराने बरं वाटण्याची शक्यता आहे, की मरण फक्त लांबतंय? खून करू नको ही आज्ञा मरण घडवून आणायला मनाई करते. निरुपयोगी ठरलेला, अतोनात जाचणारा उपचार थांबवणं वेगळं. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर हाच फरक मांडला होता : साधे उपाय करणं कर्तव्य, असाधारण उपाय करत राहणं प्रत्येक वेळी बंधनकारक नाही. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी मला हा विचार पटतो. वेदना शमवणं, तोंड ओलं करणं, हात धरून बसणं मात्र कधीच थांबवायचं नाही.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत याचं इच्छापत्र आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं. आईवडील धडधाकट असताना त्यांच्याशी हे बोलून घ्या. आजार त्यांच्यापासून लपवायचा का, हेही त्यांनाच विचारा : "किती कळलेलं तुम्हाला आवडेल?" मिसरातल्या सुइणींनी फारोपासून बाळं वाचवताना सत्य दडवलं (निर्गम १), पण ते खुनी राजापासून. स्वतःच्या आजीपासून तिचं दुखणं लपवायला ती गोष्ट आधार होत नाही.

चूक निघाली तर परतफेड

देवाकडे क्षमा मागून प्रकरण मिटवायची सवय आपल्यात फार आहे. गणना ५:७ मध्ये तेवढ्याने भागत नाही : कबुली द्यायची, घेतलेलं पूर्ण भरायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. म्हणजे ५००० रुपये चुकीने कापले असतील तर ६००० द्यायचे. जकातदार जक्कयाने तर चौपट कबूल केलं (लूक १९:८). तो कामगार गाव सोडून गेला असेल तर जुन्या हजेरीपटावरून, सोबतच्या माणसांकडून पत्ता काढा. वारला असेल तर बायकामुलांना द्या. कुणीच सापडलं नाही तर पुढच्याच वचनाप्रमाणे ते देवाच्या कामाला द्या, पण शोध घेतल्यानंतरच. पैसे मदत म्हणून देऊ नका, थकबाकी म्हणून द्या, आणि कुठल्या महिन्याचे किती त्याचा हिशेब सोबत लिहून द्या.