तक्रार करून थकलात? सरकारी कार्यालयाला उत्तर द्यायला कसं लावायचं

‘तो रस्ता आमच्याकडे येत नाही.’ ठाण्यात किंवा नवी मुंबईत कधी तक्रार घेऊन गेला असाल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. घोडबंदर रोडलगतच्या आमच्या वस्तीत शाळेच्या फाटकासमोरच्या गटाराची झाकणं तुटली होती. पावसाळा तोंडावर होता. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे, आणि मुलं रोज गटारावर टाकलेल्या फळीवरून शाळेत जात राहिली. झाकणं बसायला अकरा महिने लागले. त्यातले पहिले सहा महिने आम्ही फोन, विनवण्या आणि व्हॉट्सअॅपवरच्या संतापात घालवले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या. सरकारी कार्यालय तोंडावर ‘नाही’ फारसं म्हणत नाही, ते गप्प बसतं. ‘नाही’ला अपील करता येतं, गप्प बसण्याला कशाला अपील करणार? म्हणून तुमची सगळी खटपट एकाच दिशेने हवी. त्या गप्प बसण्याला तारीख, आवक क्रमांक (अर्ज कार्यालयात नोंदला की मिळणारा नंबर) आणि अधिकाऱ्याचं पदनाम चिकटलं पाहिजे.

आधी मालक शोधा

आपल्याकडे एकाच रस्त्याला अनेक धनी असतात. ठाण्यात महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ). नवी मुंबईत महापालिकेच्या जोडीला शहर वसवणारं महामंडळ सिडको, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ). मेट्रोचं काम सुरू असेल तर त्या भागातल्या रस्त्याची डागडुजी कोणी करायची, हा आणखी एक वाद.

बांधणारा एक, सांभाळणारा दुसरा, असंही होतं. सिडकोची स्थापना १९७० ची आणि नवी मुंबई महापालिका १९९२ ची. मधल्या काळात उभं राहिलेलं बरंच काही टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत गेलं. त्यामुळे मैदान, नाला किंवा होल्डिंग पाँडबद्दल (पावसाचं पाणी साठवायच्या तलावाबद्दल) विचारायचा पहिला प्रश्न हाच की याचं हस्तांतरण झालं का, आणि कोणत्या तारखेला.

तोंडी उत्तरावर विसंबू नका. ज्यांच्यावर संशय आहे त्या सगळ्या कार्यालयांना एकच पत्र द्या. त्यात लिहा: ‘सदर रस्ता आपल्या अखत्यारीत येत नसल्यास तसे लेखी कळवावे व हा अर्ज संबंधित कार्यालयाकडे वर्ग करावा.’ एरवी सहज तोंडी सांगितलं जाणारं ‘आमचं नाही’ सही करून लिहून द्यायची वेळ आली की फाईल उघडून बघावीच लागते. आमच्या गटाराचा मालक याच एका ओळीने सापडला.

अर्ज कसा लिहायचा

एक अर्ज, एक विषय, एक पान. ‘आमच्या भागातील नागरी समस्यांबाबत’ असा विषय टाकला की अर्ज पाच खात्यांत फिरतो आणि कुठेच थांबत नाही. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक चौकापर्यंत गटारावरील ७ झाकणे तुटली आहेत’ असं लिहिलं की तो थेट कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर जातो. मोजून लिहा. तारखेसह फोटो जोडा. जागेची खूण अशी द्या की नवखा माणूसही तिथे पोहोचेल.

अर्ज ठाण्यात प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांच्या नावे, नवी मुंबईत विभाग कार्यालयाच्या. प्रत कार्यकारी अभियंत्यांना. थेट मुख्यमंत्र्यांना लिहिण्याचा मोह आवरा. तिथून ते पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन खाली सरकत त्याच टेबलावर येतं, मधले आठवडे मात्र जातात.

सह्यांबद्दलही सांगतो. शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा बारा सोसायट्यांच्या लेटरहेडवर आलेली बारा पत्रं जास्त वजनदार ठरतात, असा माझा अनुभव आहे. निवेदन कितीही सह्यांचं असो, त्याला एकच आवक क्रमांक मिळतो. बारा पत्रांना बारा मिळतात, आणि बारा नोंदी प्रलंबित दिसल्या की वरचा अधिकारी विचारतो.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

आमचा पहिला अर्ज एका शिपायाने हातात घेऊन ‘साहेबांना देतो’ म्हटलं आणि आम्ही आभार मानून घरी आलो. तो अर्ज पुढे कोणालाच सापडला नाही. दुसऱ्या वेळी मी दोन प्रती घेऊन आवक-जावकच्या टेबलाशी उभा राहिलो. ताईंनी वहीत नोंद केली, जांभळ्या शाईचा शिक्का उमटवला आणि प्रत माझ्याकडे सरकवली. शिक्क्यावरची तारीख आदल्या दिवसाची होती, चाक फिरवायचं राहून गेलं होतं. ‘ताई, तारीख आजची हवी होती,’ म्हटल्यावर त्यांनी लगेच पेनने दुरुस्त करून शेजारी सही केली आणि आवक क्रमांकही ठळक लिहून दिला. तो कागद आजही माझ्या फाईलमध्ये सगळ्यात वर आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बाबतीत या शिक्क्याची किंमत आता फार वाढली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशात खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. खड्डा निदर्शनास आणल्यापासून ४८ तासांत त्याची दखल घेतली पाहिजे, असंही बजावलं. म्हणजे घड्याळ तुमच्या तक्रारीपासून सुरू होतं. हे प्रकरण उभं राहिलं तेही एका पत्रावरून. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाच्याच एका न्यायमूर्तींनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्याची स्वतःहून जनहित याचिका करून घेतली.

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, मग माहितीचा अधिकार

स्मरणपत्रात नवीन काही लिहू नका. आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक, तारीख, आणि ‘काय कार्यवाही झाली ते कळवावे’, इतकंच. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ हाती घ्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि जोडपत्र ‘अ’चा नमुना पुरतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दहा रुपयेही लागत नाहीत, फक्त पुरावा जोडावा लागतो.

इथे बहुतेकांची चूक होते ती प्रश्न विचारण्यात. ‘झाकणे का बसवली नाहीत?’ याला ‘सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, आणि कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचंही नसतं. कायदा कारणं देत नाही, कागद देतो. म्हणून कागद मागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. आमचा असा होता:

‘विषय: अमुक रस्त्यालगतच्या गटाराचे व झाकणांचे काम. १) कामाच्या कार्यादेशाची प्रत. २) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती. ३) ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी नमूद असलेल्या पानाची प्रत. ४) माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी व शेऱ्यांच्या प्रती.’

तिसरा मुद्दा कधीच गाळू नका. नव्या कामात ठराविक काळात दोष निघाला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा, अशी अट असते. अभियंते त्याला डीएलपी म्हणतात. ती मुदत चालू असेल तर ‘निधी नाही’ हे कारण तिथेच संपतं.

चौथा मुद्दा सगळ्यात टोचणारा. तुमचा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिला हे त्यातून दिसतं, आणि ती प्रत द्यावी लागणार हे कळल्यावर बरेचदा माहिती येण्याआधीच काम सुरू होतं.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. फी वीस रुपये. त्या सुनावणीला जाच. वकील लागत नाही. तिथे जनमाहिती अधिकाऱ्याला, म्हणजे अर्जाला उत्तर देणं ज्याचं काम आहे त्याला, स्वतःच्या साहेबांसमोर उत्तर द्यावं लागतं, आणि कागद सहसा तिथेच निघतात. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. ठाणे जिल्ह्यासाठी आयोगाचं कोकण खंडपीठ आहे, बेलापूरला. आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड लावू शकतो. पण तिथे तारीख मिळायला फार वेळ लागतो, म्हणून मी पहिल्या अपिलावरच सगळा जोर लावतो.

प्रती मागण्याऐवजी नोंदी प्रत्यक्ष पाहण्याचाही अधिकार आहे, आणि मोठ्या कामाला तो जास्त उपयोगी पडतो. आम्ही मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मोजणी जिच्यात नोंदतात ती वही, समोर ठेवून पानं पाहिली. नोंद ३८ झाकणांची होती. संध्याकाळी तिघे जण खडू घेऊन निघालो, प्रत्येक झाकणावर आकडा टाकत गेलो. खडू ३१ वर थांबला. दुसऱ्या दिवशी फक्त तो आकडा आणि फोटो जोडून पत्र दिलं. कोणावर आरोप केला नाही, ‘संयुक्त पाहणी करावी’ एवढीच विनंती केली. दहाव्या दिवशी उपअभियंता स्वतः टेप घेऊन रस्त्यावर उभे होते.

आरोप करण्याची घाई करू नका, हे मी तळमळीने सांगतो. टेबलापलीकडचा माणूसही अनेकदा अडकलेला असतो. तुमच्या कागदाने त्याला वर टिपणी पाठवायला निमित्त मिळतं.

दाखला किंवा परवानगी अडली असेल तर

तिथे रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे. ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून अर्ज करा. मुदत उलटली की त्याच खात्यात पहिलं आणि दुसरं अपील आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोग.

लोकशाही दिन

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत लोकशाही दिन असतो. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत याल. न्यायप्रविष्ट आणि सेवाविषयक प्रकरणं तिथे घेत नाहीत. पोच, स्मरणपत्र आणि माहिती अधिकाराचं उत्तर असे तीन कागद क्रमाने लावून जा. आयुक्तांसमोर तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतात, कहाणी सांगण्यात ती संपवू नका. कागद पुढे करा आणि ‘काम कोणत्या तारखेपर्यंत होईल?’ एवढंच विचारा. मिळालेली तारीख इतिवृत्तात आली की नाही ते नंतर तपासा.

लोकप्रतिनिधी, वर्तमानपत्र, रस्ता

नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने दोन्ही शहरांना पुन्हा नगरसेवक मिळाले. प्रभागात एकाहून अधिक नगरसेवक असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी तेच पत्र द्या, पोच घ्या आणि कोणाकोणाला दिलं ते पत्रातच लिहा. ‘मला कोणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय उरत नाही. बातमीदाराकडे जाताना संताप नको, खडूचे आकडे न्या.

रस्त्यावर उतरायची वेळ आलीच तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, कारण जमावबंदीचे आदेश लागू असू शकतात. आणि मागणी अशी ठेवा की ती जशीच्या तशी आदेशात लिहिता येईल. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानच्या आंदोलनात नवी मुंबईच्या जमिनींसाठी पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून पुढे आलं ते साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व. शासनाला ते नुसतं ऐकून घेऊन विसरता आलं नाही, कारण मागणीला आकडा होता. त्या माणसांनी मोजलेली किंमत आठवली की आपल्याला पंधरा दिवसांनी स्मरणपत्र लिहायचा कंटाळा करायचा हक्क नाही, असं मला मनापासून वाटतं.

कोर्टाची पायरी

उच्च न्यायालयात जनहित याचिका हा शेवटचा मार्ग. त्याआधी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाची तक्रार करता येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध हेच कलम वापरलं होतं. नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये निकाल दिला की पैशांचं कारण पुढे करून नगरपालिकेला हे कर्तव्य टाळता येणार नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि ठराविक उत्पन्नाखालील नागरिकांना तिथे मोफत वकील मिळतो.

काम झाल्यावर

झाकणं बसली त्या दिवशी आम्ही पुन्हा फोटो काढले आणि उपअभियंत्यांना आभाराचं पत्र दिलं, त्याचीही पोच घेतली. त्यात दोन ओळी लिहिल्या: काम कोणत्या तारखेला पूर्ण झालं आणि नवा दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत आहे. ती तारीख सोसायटीच्या कार्यालयातल्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहिली आहे. दर मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, आमच्यातले तिघे खडू घेऊन फाटकापासून चौकापर्यंत चालत जातात आणि ३८ पर्यंत मोजतात.