विधेयक सॅक्रामेंटोत, काम काउंटीत

पब्लिक पॉलिसी किंवा पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर्स करायला अमेरिकेत येणारी मराठी मुलंमुली आता बरीच भेटतात. बहुतेकांच्या डोक्यात वॉशिंग्टन असतं, वर्ल्ड बँक असते, एखादी थिंक टँक असते. काउंटी सरकारात नोकऱ्या असतात आणि राज्याच्या विधेयकांवर नजर ठेवणं हे तिथलं पूर्ण वेळचं काम असू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीच्या प्रशासक कार्यालयात हेच काम करते. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी काउंटी म्हणजे काय ते. आपली जिल्हा परिषद डोळ्यांपुढे आणली की निम्मं चित्र कळतं, पण इथे कलेक्टर नाही. लोकांनी निवडलेलं पाच जणांचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स असतं (सॅन फ्रान्सिस्कोत अकरा जणांचं). शेरीफ, सरकारी खटले चालवणारा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, मालमत्तेची किंमत ठरवणारा असेसर हेही सहसा थेट लोकांमधून निवडून येतात, त्यामुळे बोर्ड त्यांना हुकूम सोडू शकत नाही. तुरुंग, निवडणुका, जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराची आकारणी, मानसिक आरोग्य, बालसंरक्षण, मेडी-कॅल (गरिबांसाठीचा आरोग्य विमा) आणि कॅलफ्रेश (अन्नासाठीची मदत) यांची पात्रता तपासणं, हे सगळं काउंटी करते. थोडक्यात, गरीब, आजारी किंवा अडचणीतल्या माणसाची सरकारशी गाठ पडते ती काउंटीच्या खिडकीवर. खिडकीमागच्या माणसाने काय करायचं, हे मात्र बऱ्याच अंशी राज्याच्या राजधानीतलं, सॅक्रामेंटोचं विधिमंडळ ठरवतं. 2011 साली एबी 109 (एबी म्हणजे असेंब्ली बिल, कनिष्ठ सभागृहाचं विधेयक) या कायद्याने कमी गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांची शिक्षा राज्याच्या तुरुंगातून काउंटीच्या तुरुंगात आणली आणि 1 ऑक्टोबरपासून राज्यभरातल्या शेरीफांचं काम बदलून गेलं.

राज्यात 58 काउंट्या आहेत. लॉस एंजेलिसमध्ये जवळपास एक कोटी लोक राहतात, तर सिएराच्या डोंगरातल्या अल्पाईन काउंटीत जेमतेम बाराशे. कायदा बहुतेक वेळा दोघींना एकच. माझ्या मते या कामाचं मूळ इथे आहे. विधेयक लिहिणाऱ्याला 58 कार्यालयं आतून माहीत असणं शक्य नाही. ते त्याला वेळेत कुणीतरी सांगावं लागतं.

वर्षाला साधारण दोन हजार किंवा त्याहून जास्त विधेयकं येतात. ती सगळी कुणी वाचत नाही, वाचूही नयेत. ‘काउंटी’ हा शब्द टाकून शोधलंत तर ढीगभर निकाल येतील आणि नेमकं हवं ते निसटेल, कारण कित्येक विधेयकांत तो शब्द जेमतेम येतो आणि सगळा भार ‘लोकल एजन्सी’ या दोन शब्दांवर असतो. म्हणून ‘लोकल एजन्सी’, ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’, ‘काउंटी क्लर्क’, ‘काउंटी रेकॉर्डर’ असे शोध वेगवेगळे लावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे संहितेच्या कलमांवरून शोधणं. मानसिक आरोग्याचा विभाग ज्या कलमांवर चालतो ती वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडमधली कलमं ठरलेली आहेत. त्यांना कुणी हात लावला की विधेयकाचं नाव काहीही असो, ते तुमच्या यादीत यायलाच हवं.

विधेयक उघडलं की लेजिस्लेटिव्ह कौन्सेलने, म्हणजे विधिमंडळाच्या कायदा सल्लागार कार्यालयाने, लिहिलेला सारांश दिसतो. नवखे तो वाचतात आणि त्याच्या शेवटची छोटी ओळ सोडून देतात. मी आधी तीच बघते. साधं बहुमत लागेल की दोन तृतीयांश, निधीची तरतूद आहे का, वित्त समितीकडे जाणार का आणि शेवटी ‘लोकल प्रोग्राम: येस’ की ‘नो’. तिथे ‘येस’ असेल तर राज्य स्थानिक सरकारांवर नवीन काम टाकतंय असं कौन्सेलचं मत आहे. मग तडक विधेयकाच्या शेवटच्या कलमाकडे जायचं. 1979 च्या प्रपोझिशन 4 ने (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) राज्यघटनेत आणलेल्या तरतुदीनुसार, म्हणजे अनुच्छेद 13 बी, कलम 6 नुसार, राज्याने लादलेल्या नव्या कामाचा खर्च राज्याने भरून द्यायचा असतो. पण घोडं इथेच पेंड खातं. शेवटच्या कलमात पुष्कळदा लिहिलेलं असतं की भरपाईची गरज नाही, कारण स्थानिक संस्थेला फी आकारण्याचा अधिकार आहे. किंवा असं की, हा खर्च नवीन गुन्हा निर्माण केल्यामुळे येतो आहे. दोन्ही वाटांनी बिल काउंटीच्याच नावावर फाटतं. फीचा अधिकार कागदावर असला तरी फीवर बंधनं घालणाऱ्या 1996 च्या प्रपोझिशन 218 आणि 2010 च्या प्रपोझिशन 26 नंतर ती फी प्रत्यक्षात किती वाढवता येते, हा वेगळाच प्रश्न आहे.

इथपर्यंतचं काम टेबलावर बसून होतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते म्हणजे योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारणं. विभागप्रमुखांना ‘या विधेयकावर आपलं मत कळवावं’ अशी मेल पाठवली तर उत्तर येत नाही किंवा ‘काळजी वाटते’ एवढंच येतं. त्यावर पत्र लिहिता येत नाही. मी विचारते: हा कायदा झाला तर तुमच्याकडे सोमवारी सकाळी हे काम कोण करणार? त्या माणसासमोर कुठली माहिती असेल? ती आज कुठे आहे?

एका विधेयकात, विशिष्ट प्रकारचा दस्त नोंदवला गेला की मालमत्तेच्या मालकाला ठरलेल्या मुदतीत टपालाने सूचना पाठवावी, असं म्हटलं होतं. वाचायला अगदी निरुपद्रवी. मी खाली रेकॉर्डर कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात गेले. तिथे खिडकीवर अनेक वर्षं काढलेल्या एक बाई आहेत. त्यांनी दोन दस्त काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, “पत्ता दाखव.” एकावर दस्त नोंदवून घेणाऱ्या कंपनीचा पत्ता होता, दुसऱ्यावर वकिलाचा. मालकाचा कुठेच नव्हता. तो असतो असेसरकडे, आकारणीच्या यादीत, दुसऱ्या मजल्यावर, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये. शिवाय मालक वारला असेल किंवा घर विकलं गेलं असेल तर ती यादीही मागे पडलेली असते. आम्ही विरोध केला नाही. ‘आकारणीच्या यादीतल्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर’ एवढे शब्द घाला आणि मुदत थोडी वाढवा, इतकंच मागितलं. समितीच्या सल्लागाराचा त्याच दिवशी फोन आला. त्यांना नेमकं हेच हवं असतं: अडचण कुठे आहे आणि त्यावर कुठले शब्द चालतील.

मोठ्या विधेयकांत हेच सगळं दहापट होतं. 2023 चं एसबी 43 (एसबी म्हणजे सेनेट बिल) घ्या. 1967 च्या लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायद्यात ‘स्वतःची काळजी घेण्यास गंभीररीत्या असमर्थ’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. त्या व्याख्येत बसणाऱ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उपचारांसाठी ठेवता येतं. एसबी 43 ने ती रुंदावली. अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला वैयक्तिक सुरक्षितता आणि गरजेचे वैद्यकीय उपचार आले आणि मानसिक आजाराच्या बरोबरीने तीव्र व्यसनाधीनताही आली. बदल मोजक्या ओळींचा. पण त्यांचा धागा धरून चालायला लागा: मानसिक आरोग्य विभाग, रुग्णालयांचे इमर्जन्सी विभाग, स्वतःचे निर्णय घेऊ न शकणाऱ्यांची जबाबदारी घेणारे पब्लिक गार्डियन, अशा माणसाची बाजू मांडणारे पब्लिक डिफेंडर, काउंटीचे वकील, रस्त्यावर पहिला निर्णय घेणारे शेरीफचे डेप्युटी. आणि सगळ्यांच्या पुढे एक प्रश्न, व्यसनासाठी सक्तीने ठेवायच्या माणसाला ठेवायचं कुठे? तशा खाटा जवळपास नव्हत्याच. कायदा 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला, पण बोर्डाने ठराव केला तर अंमल 1 जानेवारी 2026 पर्यंत पुढे ढकलण्याची मुभा त्यातच होती. बहुतेक काउंट्यांनी ती घेतली. सॅन फ्रान्सिस्कोने लगेच सुरुवात केली. या कायद्याबद्दल माझं मत अजूनही पूर्ण ठरलेलं नाही. पुलाखाली झोपणाऱ्या मुलाची आई एका बाजूला आहे आणि मर्जीविरुद्ध कोंडलं जाण्याची भीती दुसऱ्या बाजूला, दोन्ही खरं आहे. तयारीसाठी मिळालेली दोन वर्षं मात्र काउंट्यांना हवीच होती.

आता वेळापत्रक, कारण उशिरा गेलेलं चांगलं पत्र निरुपयोगी असतं. नवीन विधेयकं मांडण्याची मुदत फेब्रुवारीत संपते आणि सर्वसाधारण विधेयकावर मांडल्यापासून तीस दिवस सुनावणी होत नाही. हे तीस दिवस सोन्याचे. मार्च-एप्रिलमध्ये धोरण समित्या बसतात. पत्र त्यांच्या विश्लेषणात यायचं असेल तर सुनावणीच्या साधारण आठवडाभर आधी पोचलेलं हवं. इकडे आपलं बोर्ड बहुधा मंगळवारी भरतं, खुल्या बैठकांसाठीच्या ब्राउन अ‍ॅक्टप्रमाणे विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते आणि कार्यालयाची अंतर्गत मुदत त्याहून बरीच आधी असते. हे गणित जुळत नाही. म्हणून बहुतेक काउंट्या वर्षाच्या सुरुवातीलाच बोर्डाकडून धोरणपत्र मंजूर करून घेतात. त्यात बसणाऱ्या भूमिकेचं पत्र अध्यक्षांच्या सहीने लगेच जाऊ शकतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे धोरणपत्र वाचून काढा. त्यात नसलेल्या विषयावर कुणाशीही, अगदी फोनवरसुद्धा, काउंटीच्या वतीने बोलू नका.

मे आणि ऑगस्टमध्ये वित्त समित्यांची ‘सस्पेन्स फाइल’ असते. शेकडो विधेयकांचे निकाल चर्चेविना भराभर वाचून दाखवतात. पुढे, थांबवलं, दुरुस्तीसह पुढे. असेंब्लीत दीड लाख डॉलर्सच्या वर खर्च असलेली विधेयकं तिथे जातात, पण हा खर्च राज्याचा. काउंटीला पन्नास लाखांचा भुर्दंड पडणार असेल आणि त्याची भरपाई राज्याला द्यावी लागण्याची शक्यता दिसत नसेल, तर त्या आकड्याला फारसं वजन राहत नाही. वित्त समितीच्या पत्रात भरपाईचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात हवा.

जूनमध्ये अर्थसंकल्पाची ‘ट्रेलर बिलं’, म्हणजे अर्थसंकल्प अमलात आणण्यासाठी कायद्यात बदल करणारी विधेयकं, येतात. ती सहसा धोरण समितीकडे जात नाहीत, साध्या बहुमताने होतात आणि सही होताच लागू होऊ शकतात. इथे राज्यातल्या काउंट्यांची संघटना, सीसॅक, फार उपयोगी पडते. तिची बुलेटिनं वाचत चला. ऑगस्टच्या शेवटी जुन्या विधेयकाचा मजकूर काढून त्याच क्रमांकाखाली वेगळाच विषय घातला जातो. मासेमारीचं म्हणून बाजूला ठेवलेलं विधेयक तुरुंगाचं होऊन समोर येऊ शकतं. 2016 च्या प्रपोझिशन 54 मुळे अंतिम मतदानापूर्वी मजकूर 72 तास जाहीर असावा लागतो, तेवढाच काय तो अवधी. निकाली काढलेल्या क्रमांकांचे अ‍ॅलर्ट बंद करू नका.

राज्यपालांची सही झाली की फाइल बंद होत नाही. बहुतेक कायदे 1 जानेवारीला लागू होतात, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रत्येक विभागाला त्याच्या कायद्यांचं टिपण जायला हवं. भरपाईसाठी कमिशन ऑन स्टेट मँडेट्सकडे दावा करायचा तर कायदा लागू झाल्यापासून किंवा वाढीव खर्च सुरू झाल्यापासून, यांपैकी जे नंतरचं असेल तिथून, बारा महिन्यांची मुदत असते. तासांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवलेल्या नसतील तर दावा लंगडा पडतो. आणखी एक: विधेयकावर बाजू मांडायला काउंटी सरकारी पैसा वापरू शकते, पण तोच विषय मतपत्रिकेवर आला की प्रचारासाठी वापरू शकत नाही. स्टॅन्सन विरुद्ध मॉट या 1976 च्या निकालापासून हे पक्कं आहे. त्यानंतर फक्त निष्पक्ष माहिती द्यायची.

नोकरीबद्दल. जाहिरातीत ‘लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्ट’ हे पद क्वचित दिसतं. ‘मॅनेजमेंट अ‍ॅनालिस्ट’ किंवा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अ‍ॅनालिस्ट’ म्हणून शोधा. अर्जासोबत पूरक प्रश्न असतात आणि त्यांच्या उत्तरांना गुण मिळतात. ‘रेझ्युमे पाहावा’ असं तिथे कधीही लिहू नका. व्हिसाचं आधीच स्पष्ट विचारा. विद्यापीठांसारखी एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून आपोआप सूट काउंटीला नाही आणि अनेक काउंट्या प्रायोजकत्व देत नाहीत. शिकत असताना इंटर्नशिप आणि नंतर ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी), ही तुमची आत शिरायची खरी वेळ आहे. तुमचा अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) यादीत आहे का, म्हणजे ओपीटी जास्त काळ मिळेल का, हे प्रवेश घेण्यापूर्वी बघा.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत किंवा एखाद्या संस्थेबरोबर काम केलं असेल तर ते अर्जात ठळक लिहा. शासन निर्णय निघाला आणि ग्रामसेवकापर्यंत पोचेपर्यंत त्याचं काय झालं, हे ज्याने जवळून बघितलंय, त्याला या नोकरीतला निम्मा भाग मुलाखतीत समजावून सांगावा लागत नाही. सोबत एक पानाचं नमुना विश्लेषण जोडा. गेल्या सत्रातलं मंजूर झालेलं एक विधेयक, एक काउंटी आणि एकच विभाग निवडा. सध्या काय होतं, कायद्याने काय बदललं, ते कोण करणार, पैसा कुठून येणार आणि कुठली दुरुस्ती मागायला हवी होती, एवढं लिहा. विधिमंडळाच्या लेजइन्फो या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचे सगळे मसुदे, समित्यांची विश्लेषणं आणि मतदान विनामूल्य मिळतं. दोन मसुदे शेजारी ठेवून पाहायची सोयही तिथे आहे. त्या विभागाच्या कार्यालयात फोन करून विचारलंत तर लोक सांगतातही, विशेषतः दुपारी, खिडकीवरची गर्दी ओसरल्यावर.