डुकरांच्या शेडमध्ये काम करताना स्वतःला कसं जपावं

कुडाळ तालुक्यात आमचं छोटं वराहपालन आहे. अकरा डुकरिणी, एक नर आणि त्यांची पिल्लं. कामाला दोघं जण आणि मी. नव्याने या धंद्यात येणारे खाद्य आणि भाव विचारतात, स्वतःच्या तब्येतीचं कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमचा पहिला नियम एका चहाच्या कपावरून झाला. शेड धुऊन झाली की चहा यायचा आणि कप पिल्लांच्या कप्प्याच्या भिंतीवर ठेवला जायचा. कपाच्या काठावर माशा, खाली ओली घाण. त्या दिवसापासून शेडच्या आत चहा, खाणं, विडी, तंबाखू सगळं बंद. तंबाखूवरून मी अजूनही भांडते, कारण मळलेला तळवा सरळ तोंडाशी जातो. डुकरांच्या विष्ठेतून हिपॅटायटिस ईचा विषाणू बाहेर पडू शकतो. तो यकृतावर जातो, कावीळ करतो. डुक्कर मात्र ठणठणीत दिसतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. हात साबणानेच धुवा, नखं घासून. घाणीने माखलेल्या हातावर सॅनिटायझर चोळून उपयोग नाही. आणि घरी कलेजी करताना ती आतून गुलाबी ठेवू नका.

धुण्याचाही क्रम आहे. आधी फावड्याने सुकी घाण ओढून घमेल्यात भरा, मग पाणी मारा. घाणीवर थेट जोरात पाइप सोडला की बारीक तुषार उडतात आणि ते नाकातोंडात जातात. त्या वेळी मास्क लावा, डोळ्यांवर साधा चष्मा असला तरी चालेल. ब्लीचिंग पावडर सगळ्यात शेवटी, दहा लिटरच्या बादलीत दीडशे ग्रॅम. घाणीवरच ती टाकली तर तिचा जोर घाणच खाऊन टाकते, आणि मुताशी मिसळून डोळे झोंबणारा वायू सुटतो.

गमबूट आणि कामाचे कपडे शेडवरच राहतात. आम्ही दाराजवळ एक खिळा आणि एक बादली ठेवली आहे, एवढंच. घरात लहान मूल असेल तर आंघोळ केल्याशिवाय त्याला उचलू नका.

आता तापाबद्दल, कारण माझ्या हातून चूक इथेच झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी आमचा एक कामगार कणकण अंगावर काढून आला. मी विचारलं तर म्हणाला, "वायच कणकण असा, काय होवचा नाय." मीही गप्प बसले, कारण काम अडलं होतं. आठवड्याभरात दूध तोडलेली पिल्लं खोकू लागली आणि दोन गेली. फ्लू माणसाकडून डुकराकडे आणि डुकराकडून माणसाकडे, दोन्हीकडे जातो. पक्ष्यांचा आणि माणसांचा असे दोन्ही फ्लू डुकराच्या शरीरात एकत्र येऊ शकतात आणि त्यातून नवाच विषाणू तयार होऊ शकतो. 2009 च्या साथीचा विषाणू डुकरांतल्या फ्लूंच्या मिश्रणातूनच आला होता. आता आमच्याकडे ताप आला की सुट्टी, आणि ती पगारी. पगार कापला तर माणूस ताप लपवणारच, त्यात त्याचा दोष नाही. दोघांना दर वर्षी फ्लूची लस माझ्या खर्चाने देते.

डुकरीण व्यायला लागली की रात्रीबेरात्री धावपळ होते आणि नेमकं तेव्हाच हातमोजे विसरतात. हातमोज्यांचा डबा टॉर्चशेजारी ठेवा. नाळ, वार, रक्त यांना उघडा हात लावू नका. बोटाला कोयत्याची जखम असेल तर त्या रात्री दुसऱ्याला पुढे करा.

वटवाघळांचं मात्र मनावर घ्या. 1998 मध्ये मलेशियात इपोहजवळच्या डुक्करवाड्यांत निपाह शिरला, म्हणजे वटवाघळांतून येणारा, मेंदूला सूज आणणारा विषाणू. डुकरांच्या कप्प्यांशेजारी आंब्याची झाडं होती. वटवाघळांनी उष्टावलेली फळं डुकरांनी खाल्ली, असं संशोधकांचं अनुमान आहे. आधी लोकांना तो डासांचा मेंदूज्वर वाटला, धूर मारला, लसी टोचल्या. पण आजारी पडत होते ते डुकरांत काम करणारे मोठे पुरुष. 265 जणांना आजार झाला, 105 दगावले, दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. सिंगापूरच्या कत्तलखान्यातल्या 11 कामगारांनाही तो झाला, त्यातला एक गेला. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा मिळाल्या आहेत. आमच्या पत्र्यावर चिकूची फांदी आली होती, ती मी तोडली. पडलेलं, कुरतडलेलं फळ डुकरांना घालू नका. वरून जाळी लावा.

खरा डासांचा मेंदूज्वर वेगळा, जपानी मेंदूज्वर. डुकराला हात लावून तो होत नाही. डुकराच्या रक्तात विषाणू वाढतो आणि भातखाचरातले डास तो माणसापर्यंत आणतात. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, रात्री मच्छरदाणी, शेडभोवती पाणी तुंबू न देणं.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य ताप, माणसाला होत नाही, त्याची धास्ती कळपासाठी घ्या, स्वतःसाठी नको.

जोरदार खोकरा, ताप किंवा फेफरं आलेलं जनावर दिसलं तर वेगळं काढा, कापू नका, विकू नका आणि पशुवैद्यकांना बोलवा. आणि स्वतःला ताप आला, डोकं भयंकर दुखलं किंवा डोळे पिवळे दिसले तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोला: "डॉक्टर, मी डुकरांत काम करते." ते लाजेखातर बहुतेक जण सांगत नाहीत.