ल्युकेमियाच्या मुलांच्या रक्तातील कँडिडा : उपचारातील या चुका टाळा

ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) यीस्ट, म्हणजे कँडिडासारखी बुरशी, वाढल्याचे प्रयोगशाळेने कळवल्यावर ‘नमुना दूषित झाला असेल, पुन्हा पाठवू’ असे म्हणून थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रक्तातील कँडिडा एकाच बाटलीत वाढला तरी तो खरा मानून त्याच दिवशी औषध सुरू करावे. कल्चर निगेटिव्ह आले म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण खोलवर पसरलेला संसर्ग त्यात अनेकदा सापडत नाही.

न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटलेल्या मुलाला सवयीने फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध देऊ नये. कँडिडा क्रुसाय ही जात त्याला मुळातच दाद देत नाही, कँडिडा ऑरिसही बहुधा देत नाही. अशा वेळी सुरुवात कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन किंवा लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म कणांत भरलेल्या) अँफोटेरिसिनने करावी. अँफोटेरिसिन सलाइनमध्ये मिसळू नये, ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम व क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावे. साध्या व लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या मात्रेत मोठा फरक असल्याने ऑर्डरमध्ये प्रकार स्पष्ट लिहावा. ही अदलाबदल जीवघेणी ठरू शकते.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) केमोथेरपीतील व्हिन्क्रिस्टीन या औषधाकडे. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल हे औषध मोडणारे यकृतातील सीवायपी3ए4 हे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे व्हिन्क्रिस्टीन शरीरात साचते. मग मुलाचे पोट फुगते, शौचास होत नाही, जबडा दुखतो, सोडियम घसरते, कधी झटकेही येतात, आणि हे सारे संसर्ग वाढल्याचे लक्षण समजून बुरशीचे तेच औषध वाढवले जाते. म्हणून बुरशीविरोधी औषध लिहिण्यापूर्वी केमोथेरपीचे वेळापत्रक उघडून पाहावे आणि शक्यतो अ‍ॅझोल वर्ग (वरील तिन्ही औषधांचा गट) टाळावा.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) काढावी की नाही, याबाबत सरसकट नियम नाही. न्यूट्रोफिल कमी असताना संसर्गाचे मूळ बहुधा आतड्यात असते. मात्र कल्चर पॉझिटिव्हच येत राहिले, तर लाइन काढण्यात दिरंगाई करू नये.

उपचाराचे किमान 14 दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजावेत, पहिल्या डोसपासून नव्हे. त्यासाठी कल्चर रोज किंवा दिवसाआड पाठवावे लागते. मुदत पूर्ण झाली तरी न्यूट्रोफिल वाढून लक्षणे जाईपर्यंत औषध थांबवू नये. न्यूट्रोफिल सावरताच पुन्हा ताप चढला तर यकृत-प्लीहेतील गाठींचा संशय धरून सोनोग्राफी वा एमआरआय करावे. तिथे बुरशी सापडल्यास उपचार काही महिने चालतात.